जुन्या गाडीचा काटा खोटं बोलतोय? क्लस्टर बदलण्याआधी हे तपासा

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की डॅशबोर्डवरचे काटे नखरे करायला लागतात. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकतो, टेंपरेचरचा तळाला पडून राहतो. गॅरेजमध्ये याचं सोपं उत्तर मिळतं, 'अख्खं क्लस्टर बदला'. ते महाग असतं आणि बऱ्याचदा चुकीचं. काटा हे फक्त शेवटचं टोक आहे. त्याच्यामागे सेन्सर असतो, वायर असते, अर्थिंग असतं. आम्ही कोड लिहिणारे लोक स्क्रीनवर चुकीचा आकडा दिसला म्हणून स्क्रीन बदलत नाही, आकडा कुठून येतोय ते शोधतो. इथेही तसंच करायचं.

एक काटा की सगळे?

पहिला प्रश्न हाच. एकच काटा बिघडला असेल तर दोष बहुतेक त्याच्या सेन्सरमध्ये किंवा वायरमध्ये. दोन-तीन काटे एकदम चुकत असतील तर त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघा: फ्यूज, क्लस्टरला येणारा करंट आणि अर्थिंग. जुन्या काळच्या गाड्यांत यात व्होल्टेज स्टॅबिलायझरची भर पडते. तो काट्यांना ठरावीक, साधारण १० व्होल्ट देतो. तो बिघडला की पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकाच दिशेने चुकतात.

अर्थिंगची एक हमखास खूण आहे. हेडलाइट लावला किंवा इंडिकेटर दिला की काटे हलतात. आमच्या घरच्या गाडीत हेच होत होतं. गॅरेजवाल्याने नवीन क्लस्टरचा खर्च सांगून ठेवला होता. मल्टीमीटर लावला तर हेडलाइट चालू असताना बॅटरीचा मायनस आणि क्लस्टरचं अर्थिंग यांच्यात जवळपास एक व्होल्टचा फरक. तो ०.२ व्होल्टच्या आत हवा. डॅशबोर्डखालचा गंजलेला बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासला, परत घट्ट बसवला. काम झालं.

पेट्रोलचा काटा

टाकीत एक फ्लोट असतो. तो वर-खाली होतो तसा एका पट्टीवरचा रेझिस्टन्स बदलतो आणि काटा तेवढाच वाचतो. ही पट्टी वर्षानुवर्षं घासून झिजते. म्हणून ठरावीक पातळीला आलं की काटा अचानक शून्यावर जातो आणि थोडं पुढे गेल्यावर परत येतो. असं होत असेल तर सेंडर संपलाय, क्लस्टर ठीक आहे. खात्री करायची असेल तर सेंडरचा कनेक्टर काढून ओहम मोजा, एकदा टाकी कमी असताना, एकदा फुल्ल केल्यावर. काही गाड्यांत टाकी भरली की ओहम कमी होतात, काहींत वाढतात. आकडा बदलायला मात्र हवा. टाकी उघडायचं काम मेकॅनिकवरच सोडा. पेट्रोलची वाफ असते तिथे ठिणगी परवडत नाही.

टेंपरेचरचा काटा: इथे हयगय नको

पेट्रोलचा काटा चुकला तर फार तर रस्त्यात थांबाल. टेंपरेचरचा चुकला तर हेड गॅस्केट जातं आणि इंजिन उघडावं लागतं. यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी, की सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतानाच बरोबर मोजतो. कूलंट गळून गेलं तर तो नुसत्या हवेत राहतो, आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. घाट चढताना काटा अचानक 'थंड' झाला तर आनंद मानू नका. गाडी बाजूला घ्या, बंद करा आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावरच कूलंट बघा. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका.

जुन्या गाड्यांत या काट्याचा सेन्सर बहुधा एकाच वायरचा असतो. ती वायर काढून, चावी ऑन करून, १२ व्होल्टच्या छोट्या बल्बमधून काही सेकंद बॉडीला टेकवा. काटा वर चढला तर काटा आणि वायर ठीक, सेन्सर बदला. हा सेन्सर क्लस्टरपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो. दोन वायरचा, ईसीयूला जाणारा सेन्सर असेल तर हा प्रयोग करू नका.

आता मोबाईल काढा

भारतात बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं. स्टिअरिंगखाली १६ पिनचं पोर्ट असेल तर ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ अडॅप्टर लावा आणि ॲपमध्ये कूलंटचं तापमान आणि वेग बघा. ॲपमध्ये ९० अंश आणि काटा तळाला, म्हणजे ईसीयूचा सेन्सर ठीक आहे. काही गाड्यांत काट्याला वेगळा सेन्सर असतो, तो आणि क्लस्टर तेवढे तपासायचे राहिले. पेट्रोलची पातळी मात्र बऱ्याच गाड्या ॲपला देतच नाहीत.

वेग जीपीएसशी ताडून बघता येतो. काटा जीपीएसपेक्षा थोडा जास्त दाखवत असेल तर तो दोष नाही, स्पीडोमीटर तसाच बनवलेला असतो. कमी दाखवत असेल तर टायरचा साइज बदललाय का बघा. केबलवाल्या जुन्या गाडीत काटा थरथरत असेल तर आधी केबल तपासा. ती सुकलेली किंवा कुठेतरी मुडपलेली सापडते.

एवढं करून दोष क्लस्टरमध्येच निघाला तरी आधी त्याचे सोल्डर जॉइंट एखाद्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या बाजारातून दुसरं क्लस्टर आणणार असाल तर त्याचं किलोमीटर वेगळं असेल. बदलताना दोन्ही आकड्यांचा फोटो काढून तारखेसह बिलावर लिहून घ्या, गाडी विकताना गिऱ्हाईक तेच विचारतं.