वाळूतील कंद

म्हैसूरच्या वायव्येस कावेरीच्या काठी येडतोरे नावाचे जुने गाव आहे. नदी फुगे आणि वस्तीत शिरे. अखेर चौथे कृष्णराज वडियार यांच्या कारकीर्दीत, १९२५ नंतरच्या काही वर्षांत, येथील लोकांसाठी आखीव रस्त्यांचे नवे गाव वसविण्यात आले, तेच कृष्णराजनगर.

पुराने केवळ घरेच उठविली असे नाही. नदीकाठची जमीनही त्यानेच घडविली. प्रवाहाचा वेग मंदावला की जड वाळू आधी खाली बसते. हलका गाळ मात्र पुढे वाहत जातो आणि संथ पाण्यात किंवा तळ्याच्या पोटात विसावतो. जे मुळात एकत्र होते ते अशा रीतीने विभागले जाते. रेताड जमीन सुधारणे म्हणजे नदीने केलेली ही फारकत मोडून काढणे होय.

कंदाच्या दृष्टीने वाळू सर्वस्वी वाईट नाही. कंद हा आपली शिदोरी बरोबर घेऊन जमिनीत उतरतो. त्याला खरे भय असते ते साचलेल्या पाण्याचे, कारण त्यात तो कुजतो. वाळूत पाणी साचत नाही. दुर्दैव असे की ते टिकतही नाही, आणि जाताना खताचा अंशही घेऊन जाते.

वसंतात फुलणाऱ्या कंदांचा विषय निघाला की हॉलंडचे स्मरण होणारच. १५९३ साली कॅरोलस क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने लायडेनच्या बागेत ट्यूलिप लावले. १६३७ साली कोसळलेल्या ट्यूलिपच्या सट्ट्याची कथा पुष्कळांनी ऐकलेली असते; पण तेथील मातीची कथा अधिक बोधप्रद असूनही कोणी सांगत नाही. हार्लेमच्या परिसरातील वाळूच्या टेकड्या लोकांनी खणून सपाट केल्या. वाळू बांधकामासाठी विकली, आणि उरलेली जमीन पाण्याच्या पातळीपासून जेमतेम दोन फूट उंच राहील असे केले. चरांतून ही पातळी राखली जाई. त्यात कुजलेले शेण मिसळले की तीच वाळू कंदांची खाण बनली. हायसिंथसाठी तर वाळू, जुने शेण आणि पालापाचोळ्याचे खत यांचे खास मिश्रण करीत.

डचांनी जमीन पाण्याजवळ खाली आणली. कावेरीच्या खोऱ्यात पाणी जमिनीपर्यंत आणले गेले. चामराज बंधाऱ्यासारख्या जुन्या बंधाऱ्यांचे कालवे आणि गावोगावची तळी ही त्याची साधने. उन्हाळ्यात तळे आटले की शेतकरी त्यातील गाळ गाडीत भरून शेतावर नेई. पुण्याकडचा माळी ज्याला पोयटा म्हणतो, त्याच्याच जातीची ही माती. ट्यूलिपला दीर्घ थंडी लागते, ती म्हैसूरला कोठून मिळणार? येथला कंद म्हणजे मेक्सिकोहून आलेली गुलछडी. वसंतात लावलेले तिचे कंद भुसभुशीत, निचऱ्याच्या जमिनीत चांगले पोसतात. मात्र हलक्या जमिनीत मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही माजतात. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेला ‘शृंगार’ हा वाण त्यांना पुष्कळ अंशी दाद देत नाही.

हॉलंडची नक्कल येथे एका बाबतीत फसते. थंड देशात शेणखत सावकाश जिरते, दक्षिणेच्या उन्हात ते भराभर विरून जाते. म्हणून ते दरवर्षी घालावे लागते, तेही पुरते कुजलेले. कच्च्या शेणाबरोबर हुमणी येते. गाळातील बारीक कण मात्र उन्हाने नाहीसे होत नाहीत. एकदा वाळूत मुरले की ते वर्षानुवर्षे ओल धरून ठेवतात.

रासायनिक खतांची पोती आली आणि गाळाच्या गाड्या विरळ झाल्या. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आरंभिली, तेव्हा जुन्या शेतकऱ्यांना तीत नवल वाटण्याजोगे फारसे काही नव्हते. त्यांना एवढे ठाऊक होते की, गाळाचा जाड थर नुसता वर पसरला तर तो वाळून टणक पापडी धरतो. पातळ पसरून, उन्हात तडकू देऊन, पहिल्या पावसानंतर कुळवाने तो वाळूत मिसळावा लागतो.