तामील, पूर्तता, अनुपालन

कळमनुरीच्या तहसील कचेरीत दाखल्याचा अर्ज दिला आणि एखादा कागद कमी पडला, की टेबलामागून सांगणं ठरलेलं: त्रुटीची पूर्तता करा. कोर्टाचं समन्स घेऊन गावाकडे निघालेला माणूस मात्र पूर्तता करत नाही, तो 'तामील' करतो. आणि लेखापरीक्षणात निघालेल्या आक्षेपांवर कार्यालय वर पाठवतं तो 'अनुपालन अहवाल'. इंग्रजीत पूर्तता आणि अनुपालन दोन्हींना 'कम्प्लायन्स' एकच, समन्सची तामील मात्र 'सर्व्हिस'. मराठीत कोण कोणाचं ऐकतो त्यावर शब्द ठरतो.

तामील यात इथला जुना. 1948 पर्यंत कळमनुरी निजामाच्या परभणी जिल्ह्यात होतं. 1884 च्या सुमारास हैदराबाद संस्थानात फारसी जाऊन उर्दू राजभाषा झाली. जिल्ह्याचा मुख्य 'अव्वल तालुकदार', गावात वसुलीला माली पटेल, दप्तराला पटवारी. हुकूम उर्दूत निघायचा आणि तो ज्याने पाळायचा तो बहुतेक मराठी बोलणारा.

तामीलचं मूळ अरबी 'अमल'. अंमल, अंमलदार, मामला, मामलेदार ही सगळी त्याच घरातली माणसं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी 'अंमल' हटला नाही. आजही सरकार योजनेची अंमलबजावणीच करतं.

तामील होते कशी? माणूस घरी असला तर प्रत हातात द्यायची, दुसऱ्या प्रतीवर सही नाहीतर अंगठा घ्यायचा. सापडलाच नाही किंवा घेईना, तर प्रत दारावर डकवायची आणि कधी, कोणासमोर डकवली ते लिहून परत यायचं. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ही रीत अजून आहे. गंमत अशी, की त्या माणसाने हुकूम मानला की नाही याच्याशी तामीलला देणंघेणं नाही. कागद पोचला, काम फत्ते.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामी संपली, कायदे मात्र राहिले. हैदराबादचा जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा, म्हणजे 1907-08 चा. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, तरी तो कायदा चालूच. 15 ऑगस्ट 1967 ला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली तेव्हा कुठे फसली सनाचा कायदा सुटला.

नव्या राज्याने 1960 मध्ये भाषा संचालनालय काढलं, 1964 मध्ये राजभाषेचा कायदा केला. कचेरीची मराठी घडवताना 'अनुपालन' रुळला. शब्द नेमका आहे, पण चावडीवर तो कोणी उच्चारत नाही. तो फायलीतून फायलीत जातो. 'पूर्तता' मात्र खेड्यात पोचली, कारण ती अर्जदाराच्याच डोक्यावर येते.

2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरं पुन्हा उघडली. उर्दू आणि मोडी वाचणारे शोधावे लागले. आजोबा-पणजोबांचं नाव कागदावर निघालं, तरी कुणबी दाखल्याच्या अर्जाला वंशावळ जोडावी लागते. ती जुळली नाही, की टेबलामागून पुन्हा तेच: पूर्तता करा.