कानावरच्या कमानीची कुळकथा

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी-रविवारी हौशी रेडिओवाल्यांची सीक्यू वर्ल्डवाइड ही स्पर्धा असते. जागतिक वेळेनुसार ती मध्यरात्री शून्य वाजता सुरू होते, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला. संपते सोमवारी पहाटे साडेपाचला. सलग ४८ तास. भारत या स्पर्धेच्या नकाशावर २२ क्रमांकाच्या झोनमध्ये येतो, त्यामुळे जो भेटेल त्याला आपण एकच सांगायचं: ‘फाइव्ह नाइन, टू टू’, म्हणजे आवाज स्पष्ट, झोन २२. समोरचा आपला झोन सांगतो, नोंद होते, पुढचा. २०१६ आणि २०१९ साली लक्ष्मीपूजन नेमकं स्पर्धेच्या रविवारी आलं होतं. आळीभर एलईडीच्या माळा, आणि त्यांच्या अडॅप्टरांची खरखर थेट चाळीस मीटरच्या बँडवर.

माझ्या पहिल्या स्पर्धेत रेडिओ चांगला होता, अँटेना माडांच्या वर होती, संध्याकाळी युरोप मोकळा झाला होता. तरी रात्री नऊला मी उठलो, कारण कान ठणकत होते. हेडसेटची गादी कानाच्या पाळीवर दाबून बसली होती आणि चष्म्याची काडी त्या दाबाखाली कानामागे रुतली होती. ऑक्टोबरातला कोकणचा उकाडा, घामाने गादी ओली. सकाळी पाळीला हात लावता येत नव्हता. त्या दिवसापासून मला एक प्रश्न पडला: ही वस्तू मुळात कोणाच्या डोक्यासाठी घडली?

उत्तर शोधत गेलो तेव्हा कळलं की आमचा हेडसेट एका घरचा नाही. टेलिफोन एक्स्चेंज, युद्धनौका, विमानाचं कॉकपिट आणि गाण्याचं स्टेज, अशा चार घरांचं रक्त त्यात आहे. त्याचे गुण तिथून आले, आणि दुखणीही.

थोरलं घर एक्स्चेंजचं. १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टनमध्ये एमा नट ही पहिली महिला ऑपरेटर कामाला लागली. एका तारेची पिन काढून दुसऱ्या भोकात खोचायची, तर दोन्ही हात मोकळे हवेत. १८८०च्या दशकात एझ्रा गिलिलँडने यासाठी एक साज बनवला. तो खांद्यावर चढवायचा, एका कानाशी श्रवणफोन, तोंडासमोर बोलायचा फोन. वजन किलोंत मोजावं असं होतं. कान आणि तोंड यंत्राला बांधून हात सोडवायचे, ही हेडसेटमागची मूळ कल्पना इथलीच. आज स्पर्धेत माझे दोन्ही हात कीबोर्डवर असतात आणि बोलायच्या वेळी रेडिओला इशारा पायाखालच्या बटणाने जातो. ओझं गेलं, पण गरज तीच राहिली.

आरामाचा विचार लेखी स्वरूपात मला पहिल्यांदा दिसतो तो एर्नेस्ट मर्काडिए या फ्रेंच अभियंत्याकडे. १८९१ साली त्याने अमेरिकेत पेटंट घेतलं ते कानात बसणाऱ्या जोडीचं. वजन ५० ग्रॅमच्या आत, आणि कानाला घासू नये म्हणून टोकांवर रबराचं आवरण. यंत्राचं टोक माणसाच्या कातडीला लागणार आहे, याची त्यात स्पष्ट जाणीव आहे. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

रेडिओने कानाला जवळ केलं ते नाइलाजाने. सुरुवातीची बिनतारी यंत्रं कागदी पट्टीवर शाईने ठिपके-रेघा उमटवत. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीने पट्टी बाजूला ठेवली आणि टेलिफोनचा श्रवणफोन कानाला लावला, कारण पट्टीला जे कळत नाही ते कानाला कळतं. अटलांटिकपलीकडून येणारे तीन ठिपके ऐकू आल्याचं त्याने सांगितलं आणि फोन केम्प या सहकाऱ्याच्या हाती दिला. पुढे खड्याचे डिटेक्टर आले. जगदीशचंद्र बसूंचं गॅलिनाच्या डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट १९०४चं. खड्याच्या सेटमध्ये आवाज वाढवणारं काहीच नसतं. अँटेनाने हवेतून जेवढी ऊर्जा गोळा केली तेवढ्याच ऊर्जेवर कानातला पडदा हलायचा. म्हणून त्या काळात हेडफोनची संवेदनशीलता हीच सेटची ताकद होती.

इथे दुसरं घर, युद्धनौकेचं, आणि त्यात नॅथॅनियल बाल्डविन येतो. जन्म १८७८, गाव फिलमोर, राज्य युटा. स्टॅनफर्डला शिकलेला, धर्माने मॉर्मन. देवळातलं प्रवचन नीट ऐकू यावं म्हणून त्याने आवाज वाढवायचे प्रयोग सुरू केले आणि त्यातून एक विलक्षण नाजूक श्रवणफोन हाती आला. आत जवळजवळ मैलभर लांबीची बारीक तांब्याची तार गुंडाळलेली आणि अभ्रकाचा पडदा. १९१०च्या सुमारास त्याने आपली जोडी अमेरिकन नौदलाला पाठवली. सोबतचं पत्र निळ्या-गुलाबी कागदावर जांभळ्या शाईने लिहिलेलं होतं. अशा पत्राकडे कार्यालयात कोणी गंभीरपणे पाहिलं नसतं तर नवल नव्हतं. पण जोडी तपासायला घेतली गेली आणि नौदलाकडे असलेल्या सगळ्या फोनांपेक्षा ती सरस ठरली. मागणी आली तेव्हा बाल्डविनने कळवलं की एका वेळी दहाच देता येतील. तो ते फोन आपल्या स्वयंपाकघरात बनवत होता.

मला या कथेतला पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऐकू उत्तम येत होतं, पण डोक्यावरचा पट्टा सोसवेना अशी ऑपरेटरांची तक्रार आली. जहाजावरचा वायरलेसवाला एकेक पाळी फोन कानाला लावून बसणारा माणूस, त्याची तक्रार खरीच असणार. बाल्डविनने पट्टा बदलला. कातड्यात मढवलेल्या दोन तारा, आणि त्या डोक्याच्या मापाप्रमाणे लहान-मोठ्या करता येतील अशा. त्यानंतर तक्रार राहिली नाही. आज दुकानात कोणताही हेडफोन हातात घ्या आणि कमान खालीवर सरकवून पाहा. ती सोय तुम्हाला वायरलेस केबिनमधल्या ठणकत्या डोक्यांनी मिळवून दिली आहे. बाल्डविनचं स्वतःचं पुढे चांगलं झालं नाही. कारखाना भरभराटीला आला, पण बहुपत्नीत्व मानणाऱ्या पंथाला पैसा पुरवण्यात आणि फसलेल्या व्यवहारांत १९२४ साली दिवाळं निघालं, नंतर तुरुंगवासही घडला. त्याने लोखंडी पाते तोलून धरणारी जी रचना वापरली होती, तिची वंशावळ मात्र आजच्या श्रवणयंत्रांत आणि गायकांच्या कानातल्या मॉनिटरांत नांदते आहे.

हौशी लोकांनी हे नौदलाचं लेणं लगेच उचललं. त्यांची अमेरिकन संघटना, एआरआरएल, १९१४ साली हायरम पर्सी मॅक्सिमने सहकाऱ्यांसोबत उभी केली. हा तोच माणूस, ज्याने बंदुकीचा आवाज गिळणारा सायलेन्सर शोधला. कानांची काळजी त्याच्या दोन्ही कामांत आहे असं मला वाटतं. डिसेंबर १९२१मध्ये संघटनेने पॉल गॉडली याला स्कॉटलंडला पाठवलं. आर्ड्रोसनच्या किनाऱ्यावर थंडीपावसात तंबू ठोकून, रात्र रात्र हेडफोन लावून त्याने अमेरिकेतल्या हौशी केंद्रांचे संकेत टिपले. कनेटिकटमधल्या १बीसीजी या केंद्राचा पूर्ण संदेश त्याने लिहून घेतला. ‘कोण किती दूर ऐकू येतं’ हा खेळ तिथून पुढे सरकला. १९३० साली एआरआरएलचं स्वीपस्टेक्स सुरू झालं, १९३३ साली फील्ड डे. तंबूतल्या त्या रात्री आमच्या स्पर्धांचं बीज आहेत.

या चार घरांखेरीज घरगुती संगीताचाही हात लागला. अमेरिकेत जॉन कॉसने १९५८मध्ये हेडफोनला स्टिरिओ दिला, आणि १९६८मध्ये सेन्हायझरचा एचडी ४१४ आला: उघड्या पाठीचा, पिवळ्या फोमचा, अंगावर आहे हे विसरायला लावणारा. उघडी पाठ हवेशीर असते, कान घामेजत नाहीत. पण बाहेरचा आवाजही आत येतो. ज्याच्या शेजारी पॉवर अॅम्प्लिफायरचा पंखा फिरतो त्याला ही सोय महाग पडते.

तिसरं घर कॉकपिटचं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझमध्ये विमान चालवणाऱ्या दोघांनी अगदी हलका हेडसेट बनवला. त्यातून प्लॅन्ट्रॉनिक्स ही कंपनी उभी राहिली. १९६९ साली चंद्रावरून नील आर्मस्ट्राँगचा आवाज याच कंपनीच्या हेडसेटमधून पृथ्वीवर आला. तोंडापुढे येणाऱ्या दांडीला आम्ही ‘बूम’ म्हणतो. हा शब्द मूळ डच, अर्थ झाड किंवा वासा. शिडाच्या जहाजावरची आडवी काठी ती बूम. समुद्रावरचा शब्द आकाशातून फिरून आमच्या ओठांशी आला.

याच घरातून गोंगाट मारणारी विद्याही आली. गोंगाटाच्या लाटेला तिच्याच उलट्या लाटेने शांत करता येतं, याचं पाउल ल्यूग या जर्मनाचं अमेरिकन पेटंट १९३६चं. अमर बोस यांनी १९७८मध्ये झुरिकहून बोस्टनला येताना विमानात मिळालेला हेडफोन लावला. इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडालं आणि त्यांनी प्रवासातच गणित मांडायला घेतलं. बाजारात विमानाचा हेडसेट यायला १९८९ उजाडलं. बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेला गेलेले क्रांतिकारक. अमर शाळकरी वयात, महायुद्धाच्या काळात, रेडिओ दुरुस्त करून घरखर्चाला हातभार लावत. आमचे अनेक जण असेच रेडिओ उघडून या छंदात आले.

चौथं घर स्टेजचं, आणि तिथला बॉब हाइल आमचाच. पोरवयात तो सेंट लुइसच्या फॉक्स थिएटरमध्ये ऑर्गन वाजवायचा. ऑर्गनच्या हजारो नळ्या सुरात लावताना कोणत्या कंपनाने आवाजाला काय होतं ते त्याच्या कानात मुरलं. १९६६ साली इलिनॉयमधल्या मरिसा गावात दुकान थाटलं, पुढे ‘ग्रेटफुल डेड’ आणि ‘द हू’ यांच्या मैफलींचा ध्वनी सांभाळला. १९८०च्या दशकात त्याने हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, बँडवरचा धूसर आवाज दुरुस्त करायला घेतला. साइडबँड या आमच्या बोलण्याच्या पद्धतीत आवाजाला साधारण २४०० ते २७०० हर्ट्‌झची अरुंद वाट मिळते. तिथे घुमारा पाठवणं म्हणजे वीज वाया घालवणं. ‘स’, ‘त’, ‘क’ हे व्यंजनांचे काठ २००० हर्ट्‌झच्या आसपास आणि त्याच्याही वर असतात, आणि कॉलसाइन, म्हणजे केंद्राचं ओळखनाव, कळतं ते काठांवरून. म्हणून त्याने खालचा भाग कापून या काठांवर जोर दिलेला माइक बनवला, खास गर्दी भेदण्यासाठी, आणि तो हेडसेटच्या बूमवर बसवला. गप्पांसाठी मऊ आवाजाचा दुसरा ठेवला. हाइल २०२४मध्ये गेला. त्याचा हेडसेट येण्याआधी आम्ही दुसऱ्यांच्या घरचा उष्टा हेडसेट वापरत होतो. आमच्या स्पर्धेसाठी हेडसेट घडवणारा तोच.

आता निवडीचं. कुळं कळली की दुकानात काय पाहायचं ते कळतं. गादी पाळीवर बसणारी नको, पाळीभोवती बसणारी हवी, आणि इतकी खोल की पाळी आतल्या जाळीला टेकू नये. चष्मा घालून लावा, आणि पाच मिनिटं नव्हे, दोन तास. पकड घट्ट वाटली तर रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवल्यास सैलावते, पण कमान धातूची असेल तरच. पाठ बंद हवी. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९१ डेसिबलला फक्त दोन तास. पंख्याचा आवाज बाहेर अडला तर व्हॉल्यूम खाली ठेवता येतो, आणि ४८ तासांत तेच कान वाचवतं. वजन ३०० ग्रॅमच्या पलीकडे गेलं की दुसऱ्या रात्री मान बोलू लागते. गादी बदलता येते की नाही हे विकत घेण्याआधी विचारा. आमच्याकडे नकली कातडं दोन पावसाळ्यांत पापुद्रे टाकतं. मी गाद्यांवर आईच्या जुन्या सुती लुगड्याची खोळ शिवून घेतली आहे. ती घाम शोषते आणि धुता येते.

दोन कान म्हणजे दोन वाटा, हेही लक्षात ठेवा. मातब्बर स्पर्धक डाव्या कानात एक रेडिओ आणि उजव्यात दुसरा ऐकतात, एकावर बोलत असताना दुसऱ्यावर शिकार शोधतात. त्यासाठी दोन्ही बाजूंचे आवाज खरोखर वेगळे ठेवणारी वायर लागते. स्वस्त अडॅप्टर त्यांची खिचडी करतो.

ऑक्टोबरची स्पर्धा बोलण्याची. नोव्हेंबरच्या शेवटी तीच स्पर्धा मोर्सवर होते, त्याच ४८ तासांची. तेव्हा मी बूमची दांडी उपसून खणात ठेवतो. उरते ती कमान, दोन गाद्या आणि त्यांतून येणारे डिट आणि डा. बाल्डविनने नौदलाला पाठवली होती, तेवढीच वस्तू.