जकार्डचे पुठ्ठे आणि प्रोग्रामरांचं देणं



आज व्याख्यानाची जागा जरा वेगळी आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या माडीवर आपण बसलो आहोत. खाली माग चालू आहेत, तेव्हा माझा आवाज पोहोचला नाही तर हात वर करा. समोर दोन प्रकारचे श्रोते दिसताहेत. एक चादर-टॉवेलच्या धंद्यातली मंडळी. दुसरी, सोलापुरात राहून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम करणारी सॉफ्टवेअरमधली मुलं. विषय मुलांचा आहे: प्रोग्राम लिहिणारे लोक एकमेकांच्या अडचणी का सोडवतात? पण सुरुवात मागापासून करावी लागते.

सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर उतरते. आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलंय, पण भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ इथल्या जुन्या माणसांनी पाहिलेली आहे. आडव्या धाग्याच्या एकेका फेऱ्याला एकेक पुठ्ठा. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. म्हणजे पुठ्ठ्यांची माळ हा मागाला दिलेल्या सूचनांचा क्रम झाला. मुलं ज्याला प्रोग्राम म्हणतात, तो हाच.

हे यंत्र फ्रान्सच्या ल्यों शहरातलं. जोसेफ मारी जकारने ते 1804 च्या सुमारास सिद्ध केलं, असं आपण शाळेत शिकतो. पण तो एकटा नव्हता. बूशोंने 1725 मध्ये भोकं पाडलेली कागदी पट्टी वापरली, फाल्कोंने काही वर्षांतच पुठ्ठे आणले, पुढे वोकांसोंने यंत्र सुधारलं. जकारने या सगळ्यांच्या कामावर आपली भर घातली. ते त्याला का जमलं? तर अठराव्या शतकातल्या ल्योंमध्ये नवी युक्ती शोधणाऱ्याला शहराकडून बक्षीस मिळे, आणि ती युक्ती इतर कारागिरांना शिकवावी, अशी अपेक्षा त्यासोबत असे. किती जणांनी ती वापरली, यावरही काही बक्षिसं अवलंबून असत. जकारचा माग सरकारने सार्वजनिक ठरवला. त्याला पेन्शन आणि प्रत्येक मागामागे काही रक्कम लावून दिली. शोधणाऱ्याचं पोट भरलं आणि युक्ती सगळ्यांची झाली. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुठ्ठे तिथून इंग्लंडला गेले. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी ही कल्पना उचलली. 1843 मध्ये एडा लव्हलेस त्या यंत्रावर टिपणं लिहीत होती. त्यातल्या एका उदाहरणाची बीजगणिती मांडणी बॅबेजने करून दिली, आणि एडाने त्यातली मोठी चूक दाखवून ती परत पाठवली. हे बॅबेजने स्वतःच लिहून ठेवलंय. यंत्र कधी पूर्ण झालं नाही, पण एकाची चूक दुसऱ्याने पकडण्याची रीत यंत्राच्या आधीच सुरू झाली.

आता अमेरिकेत येऊ. 1955 साल. आयबीएमचं 704 हे मोठं यंत्र नुकतंच येत होतं. घेणाऱ्यांत विमानं बनवणाऱ्या कंपन्या होत्या, एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. यंत्रासोबत तयार प्रोग्राम फारसे मिळत नसत. त्यामुळे झालं काय, की प्रत्येक कंपनी तीच ती कामं पुन्हा करत बसली: कोनाची ज्या काढायची, आकडे छापायचे, सूचना यंत्राच्या भाषेत बदलायच्या. शेवटी त्यांचे प्रोग्रामर ऑगस्टमध्ये सांता मोनिकाला जमले आणि 'शेअर' नावाचा गट स्थापन झाला. सूचना बदलण्याचं साधन युनायटेड एअरक्राफ्टमधल्या रॉय नट यांनी लिहिलं होतं, तेच गटाने प्रमाण मानलं.

स्पर्धक असून त्यांनी हे का केलं? त्यांची स्पर्धा विमानात होती, आकडे छापण्यात नव्हती. इथल्या कारखानदारांना हे लगेच पटेल. आपली नक्षी कुणी शेजाऱ्याला देत नाही. पण तुटलेला धागा जोडायची गाठ कशी मारायची, हे लपवून कुणाचा धंदा वाढला आहे? (हशा)

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला. 1964 मध्ये तिथे सीडीसी 3600 आला आणि बाहेरच्या संस्थांतले संशोधकही त्यावर काम करू लागले. पुढे विद्यापीठांतून संगणक केंद्रं निघाली. माझा विषय तत्त्वज्ञान, पण तर्कशास्त्राच्या ओढीने मी सत्तरच्या दशकात अशा एका केंद्रात मित्राबरोबर जाऊन बसत असे. कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तर उद्या. एका स्वल्पविरामासाठी अख्खा दिवस वाया. म्हणून लोक गठ्ठा देण्याआधी रांगेतल्या अनोळखी माणसाला म्हणायचे, 'जरा बघता का?' गठ्ठा हातातून पडला तर क्रम लावता यावा म्हणून त्याच्या कडेवर तिरकी रेघ ओढायची, हे मित्राला अशाच कुणीतरी सांगितलं. ते गृहस्थ पुन्हा भेटले नाहीत. मित्राने मात्र ती युक्ती पुढे किती जणांना सांगितली, याचा हिशेब नाही.

मदतीच्या वाटा कधी बंदही झाल्या. ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी 1976 मध्ये विद्यार्थ्यांसाठी युनिक्स या प्रणालीचा प्रोग्राम टीकेसह छापला. पुढच्या आवृत्तीच्या परवान्यात तो वर्गात शिकवायला मनाई झाली. मग त्या पुस्तकाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स जगभर फिरल्या. ते रीतसर प्रसिद्ध व्हायला 1996 उजाडलं. दरम्यान एक पिढी त्या पुसट पानांवर शिकली.

आपल्या परंपरेत ऋषिऋण म्हणतात ते हेच. ज्ञानाचं ऋण ज्याने दिलं त्यालाच परत करता येत नाही. ते अध्ययन-अध्यापनातून, पुढच्या माणसाकडे फेडायचं असतं.

आता आजचं. तुमच्यातला एक मुलगा मगाशी म्हणाला, 'सर, आता कुणाला विचारायची गरजच पडत नाही, यंत्र सांगतं.' खरं आहे, मीही विचारतो. पण ते यंत्र शिकलं कशावर? लाखो लोकांनी उघड्यावर ठेवलेल्या प्रोग्रामांवर, त्यांनी एकमेकांना दिलेल्या उत्तरांवर. उद्या नवं साधन येईल, त्यात पहिल्यांदा कुणीतरी अडखळेल. त्याने यंत्राशी झगडून मार्ग काढला आणि खिडकी बंद केली, तर ते शहाणपण त्याच्याच खोलीत राहिलं. विहिरीतून उपसा चालू, झरे बंद. दुसरं असं, की ज्याला कधी कुणाला विचारावंच लागलं नाही, त्याला कुणीतरी आपल्याला विचारायला येईल, हेही सुचत नाही.

आणि ल्योंचा धडा विसरू नका. तिथे युक्ती वाटणाऱ्याचं पोटही सांभाळलं होतं. रात्री जागून इतरांच्या चुका सोडवणाऱ्यांच्या कामावर आज मोठ्या कंपन्या उभ्या आहेत. त्यांना फक्त 'वा' म्हणून भागणार नाही. त्यांच्या वेळेची किंमत त्या कंपन्यांनी मोजायला हवी.

तुम्हाला एकच सांगतो. अडचण सुटली की ती कशी सुटली हे चार ओळींत लिहा, शक्य तर मराठीत, आणि दुसऱ्याला सापडेल अशा जागी ठेवा. कंपनीची नक्षी कंपनीकडे राहू द्या. गाठ सांगा.

आता प्रश्न विचारा. उत्तर मलाच यायला हवं असं नाही, शेजारच्याला येत असेल.