चेहरा नसलेलं स्मारक

बांगलादेशच्या हजार टाक्यांच्या दोन नोटांचे फोटो फोनवर शेजारी शेजारी उघडून पाहा. जुन्या नोटेवर शेख मुजीबुर रहमान आहेत. २०२५ साली आलेल्या नव्या नोटेवर ते नाहीत. तिथे आहे काँक्रीटचा एक निमुळता सुळका, सावरचं राष्ट्रीय स्मारक. माणूस गेला, स्मारक राहिलं. असं का झालं असावं?

सावर ढाक्याच्या वायव्येला, सुमारे ३५ किलोमीटरवर. तिथे ८४ एकरांच्या आवारात तळं आहे, लाल विटांच्या वाटा आहेत आणि १९७१ च्या मुक्तियुद्धात मारल्या गेलेल्यांच्या सामूहिक कबरी आहेत. मधोमध १५० फुटी स्मारक.

१९७८ साली त्याच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली. ५७ प्रवेशिकांमधून निवड झाली सय्यद मैनुल हुसैन यांची. वास्तुशास्त्राची पदवी घेऊन त्यांना जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्याच वयात मी ॲपमधलं एक बटण डावीकडे असावं की उजवीकडे, यावर आठवडाभर मीटिंगा करत होतो. हा मुलगा एका अख्ख्या देशाचं दुःख कागदावर मांडत होता.

त्यांनी त्रिकोणी भिंतींच्या सात जोड्या एकात एक उभ्या केल्या. सर्वांत बाहेरची सर्वांत बुटकी, पण पायाशी सर्वांत रुंद. आत जावं तशी रुंदी कमी होते, उंची वाढते. सात जोड्या म्हणजे सात टप्पे: १९५२ चं भाषा आंदोलन, १९५४ ची निवडणूक, १९५६ चं राज्यघटनेसाठीचं आंदोलन, १९६२ चं शिक्षण आंदोलन, १९६६ चा सहा कलमी कार्यक्रम, १९६९ चा उठाव आणि शेवटी १९७१. भाषेसाठी रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांपासून सुरुवात. भाषेवरून राज्य मिळवलेल्या आपल्याला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही.

या भिंतींवर हुतात्म्यांची नावं नाहीत. नावं कोरायची तर आधी यादी लागते. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची यादी आपल्याकडे आहे. १०५, १०६ की १०७ एवढाच काय तो वाद. बांगलादेशचा अधिकृत आकडा आहे ३० लाख, आणि अनेक अभ्यासकांच्या मते खरा आकडा त्याहून बराच कमी आहे. वादातला फरकच लाखांत मोजावा लागतो, तिथे यादी कुठून आणायची? मैनुल यांनी माणसं मोजली नाहीत, घटनांचा क्रम लावला.

या स्मारकाने राज्यकर्तेही बरेच पाहिले. कोनशिला मुजीब यांनी बसवली, १६ डिसेंबर १९७२ रोजी. १९७५ साली त्यांची हत्या झाली. स्पर्धा झाली ती झियाउर रहमान यांच्या काळात. १९८१ साली त्यांचीही हत्या झाली. १६ डिसेंबर १९८२ रोजी उद्घाटन केलं जनरल इर्शाद यांनी. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी लष्कराच्या जोरावर सत्ता घेतली होती. मग ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांची सत्ता कोसळली आणि ढाक्यात मुजीब यांचे पुतळे पाडले गेले. त्याच वर्षीच्या १६ डिसेंबरला नव्या सरकारचे प्रमुख मुहम्मद युनूस फुलं वाहायला सावरलाच गेले.

मला वाटतं, सावरला चेहरा नाही म्हणून ते टिकलं. पुतळा एका माणसाचा असतो, आणि तो माणूस एका पक्षाचा होऊन बसला की पुतळाही त्या पक्षाचा होतो. मैनुल यांच्या भिंती कोणाच्याच नाहीत.

पण याची दुसरी बाजूही आहे. ज्या स्मारकावर कोणाचंच नाव नाही, तिथे कोणीही येऊन पुष्पचक्र वाहू शकतं. मतपेटी बाजूला सारून आलेला जनरलसुद्धा. १९५४ च्या निवडणुकीची भिंत त्याच्यासमोरच उभी होती. ती काही बोलली नाही.

मैनुल पुढे लोकांपासून दूर, एकांतात राहिले. २०१४ साली ते गेले.

या स्मारकाचे फोटो समोरून पाहिले तर साती भिंती मिळून एकच सुळका दिसतो. बाजूने काढलेले फोटो शोधा. तिथे भिंती सुट्या होतात आणि एकेक मोजता येते. समारंभाचे फोटो बहुतेक समोरून काढलेले असतात.