उन्हाच्या शहरातली सुट्टी

जुलै महिना, साल 1925, दुपारचे तीन. तुम्ही दुबईच्या खाडीकाठी उभे आहात आणि गावात माणूस दिसत नाही. मागे 1787 सालचा फाहिदी किल्ला, त्याच्या आसपास प्रवाळाच्या दगडांत बांधलेली थोडी पक्की घरं, आणि बाकी साऱ्या खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्या. म्हातारे आत सावलीला पडलेत. बायका आणि पोरं घरात आहेत. कर्ते पुरुष समुद्रावर गेलेत, ते सप्टेंबर सरेपर्यंत यायचे नाहीत.

हा मोत्यांचा हंगाम आहे. नाकाला चिमटा, पायाला दगड, अंगाला दोर, आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत बुड्या. खालच्या माणसाने दोराला हिसका दिला की वरचा त्याला ओढून घेतो. ऊसतोडणीला निघणाऱ्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेतात, तशी या बुडणाऱ्यांनीही हंगामाआधीच उचल घेतलेली असते, आणि ती फिटायच्या आत पुढचा हंगाम येतो. गावातल्या ज्या गारव्याकडे आता तुम्ही निघाला आहात, तो या माणसांच्या छातीतल्या दमावर उभा आहे. म्हणून आधी त्यांच्याविषयी सांगितलं.

बस्तकिया मोहल्ल्यात शिरा. इराणच्या किनाऱ्यावर जकातीचा जाच वाढला आणि दुबईच्या शेखाने इथली जकात उठवली, तेव्हा बस्तक भागातले व्यापारी इकडे येऊन वसले. त्यांच्या घरांवर चौकोनी मनोरे दिसतात. त्यांना इथे बारजील म्हणतात. मनोरा चारही बाजूंनी उघडा असतो आणि आतून फुलीच्या आकाराच्या भिंतींनी त्याचे चार भाग केलेले असतात. वारा कुठल्याही दिशेचा असो, एका भागातून खाली उतरतो, आणि खोलीतली तापलेली हवा पलीकडच्या भागातून वर निघून जाते. व्यापारी तुम्हाला नेमका मनोऱ्याखालच्या गादीवर बसवतो. पाहुण्याला तीच जागा द्यायची. बसल्यावर घामेजलेल्या मानेवर वरून वाऱ्याची झुळूक येते, आणि बाहेर पाहिलेल्या उन्हाशी हिचा काही संबंध असेल असं वाटत नाही.

कॉफी येते, खजूर येतो. मग तो लाल कापडाची पुरचुंडी सोडतो. बारीक भोकांच्या चाळण्या एकात एक बसवलेल्या आहेत. तो त्यांत मोती ओततो आणि हलक्या हाताने हलवतो. लहान मोती खाली गळतात, मोठे वरच राहतात.

“मुंबईहून आलात ना शेठ? मोती बाजारात भाव काय चाललाय?” तो हिंदुस्थानीत विचारतो.

त्याने विचारणं साहजिक आहे. त्याचा माल शेवटी मुंबईलाच जायचा आहे, आणि त्याच्या पेटीतले रुपये पंचम जॉर्जच्या छापाचे, आपल्याकडचेच आहेत. त्या काळच्या दुबईला तांदूळ, कापड आणि सागवान हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून येतं. पॅरिसच्या बाईच्या गळ्यातला मोतीही बहुतेक वेळा मुंबईत पारखून, भोक पाडूनच पुढे गेलेला असतो.

सूर्य कलला की गाव बाहेर पडतं. त्या काळची करमणूक म्हणजे खाडीवरचा वारा खात गप्पा मारत बसणं, आणि रात्री गच्चीवर झोपणं. ज्यांना परवडतं ते उन्हाळ्यापुरते जुमैराच्या किनाऱ्यावर झावळ्यांच्या घरात जाऊन राहतात, कारण झावळ्यांच्या फटींतून वारा खेळतो. पुढे ज्या जुमैरात हॉटेलच्या एका रात्रीला लोक पगारभर पैसे मोजतील, तिथे आज फक्त कोळी आणि वाऱ्यासाठी आलेली चार घरं आहेत. माझं म्हणणं एवढंच, की या शहरातलं मौजमजेचं ठिकाण कुठलंही घ्या, कुठल्याही सालातलं घ्या, त्याच्या मुळाशी सावली आणि वारा कुणाला किती मिळाला हाच हिशेब सापडतो. दुबई पाहायची तर तो हिशेब डोळ्यांपुढे ठेवून पाहावी.

हंगाम संपून होड्या परतण्याच्या दिवसाला गफ्फाल म्हणतात. तोवर थांबलात तर किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या बायका तुम्हाला दिसतील. पण पुढे फार काळ तो दिवस उरणार नाही. जपानी संवर्धित मोती आणि 1929 नंतरची जागतिक मंदी या दोघांनी मिळून हा धंदा बुडवला. 1991 पासून त्याच नावाने शिडाच्या होड्यांची शर्यत भरते. साठ फुटी होड्या सर बू नैर बेटावरून पहाटे निघतात आणि दुबईच्या किनाऱ्याला लागतात. ज्या परतीसाठी घरचे जीव मुठीत धरून बसत, ती आता बक्षिसाची शर्यत आहे. ती जमली तर नक्की पाहा. शिडं एकदम उघडतात तो क्षण किनाऱ्यावरच्या कुठल्याही इमारतीपेक्षा देखणा आहे.

आता 1960. मुंबईहून निघालेली आगबोट कराची, मस्कत करत आली आहे आणि दूर समुद्रातच तिने नांगर टाकला आहे. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली, त्यामुळे मोठी जहाजं आत येऊ शकत नाहीत. ट्रंक डोक्यावर घेऊन तुम्ही शिडीवरून पडावात उतरता. खाडीच्या तोंडाशी मात्र यंत्रं घरघरत आहेत. दुबईचे शासक शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांनी कुवेतकडून कर्ज काढून गाळ उपसायला घेतलाय. तेलाचा अजून पत्ता नाही. तरी उपसलेल्या वाळूने काठची जमीन उंच होतेय, आणि त्याच वर्षी दाबून टणक केलेल्या वाळूच्या धावपट्टीवर विमानं उतरायला लागली आहेत.

काठावर उतरून चहा घ्या आणि पैसे देताना नोट नीट बघा. नोट आपल्या रिझर्व्ह बँकेची आहे, पण रंग वेगळा आहे आणि क्रमांकाआधी झेड अक्षर आहे. सोन्याच्या चोरट्या व्यापारात भारताचं परकीय चलन वाहून जात होतं, म्हणून 1959 मध्ये आखातासाठी ही वेगळी नोट काढली. संध्याकाळी उघड्यावरच्या थिएटरात हिंदी सिनेमा लागतो. अरब, इराणी, सिंधी, मलबारी सगळे एकाच बाकड्यावर बसून गाण्यांना मान डोलावतात. पडद्यामागून समुद्राचा दमट वारा येतो. ही संध्याकाळ मला फार आवडते. तिकीट स्वस्त असतं आणि वाऱ्याला तिकीट नसतं.

सहाच वर्षांत दोन गोष्टी होतात. जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि दुबईने आपला रुपया सोडला. त्याच वर्षी दुबईच्या समुद्रात फतह क्षेत्रात तेल सापडलं. तेलाच्या पैशाने बंदर, रस्ते आणि वीज उभी राहिली. विजेसोबत वातानुकूलन आलं, आणि मनोऱ्यांतून वारा धरायची गरज उरली नाही. 1980 च्या दशकात बस्तकियाचा बराच भाग पाडला गेला. उरलेला वाचला तो जतनासाठी झटलेल्या माणसांमुळे, आणि आज अल फाहिदी या नावाने तुम्ही त्याच गल्ल्यांतून हिंडता.

22 एप्रिल 1998, बुधवार. आजच्या क्रिकेट सामन्यासाठी शेजारच्या शारजात जावं लागेल. इथल्या मैदानाशी आपलं नातं जुनं आहे. 1981 मध्ये गावसकर आणि मियांदाद यांच्या संघांत पहिला मोठा सामना झाला तो इथेच, आणि 1984 चा पहिला आशिया चषक गावसकरांच्या संघाने जिंकला तोही इथेच. आज गॅलरीत तुमच्या डाव्या हाताला केरळचा सुतार, उजव्या हाताला दापोलीचा ड्रायव्हर. दोघांनी आजची मजुरी बुडवली आहे. ऑस्ट्रेलियाने 284 काढल्या आहेत. जिंकलो नाही तरी 254 झाल्या तर अंतिम फेरी पक्की.

आणि मग वाळू येते. आधी दिव्यांच्या खांबांपलीकडचं आकाश पिवळट होतं, मग समोरची गॅलरी पुसली जाते. खेळाडू मैदानावर पालथे पडतात. तुम्ही रुमालाने तोंड झाकता, तरी दातांखाली कण करकरतात. हेच ते वाळवंट, जे हॉटेलच्या काचेआडून शोभिवंत दिसतं. वादळ निवळतं तेव्हा चार षटकं कापलेली असतात आणि आव्हान 46 षटकांत 276 चं होतं, अंतिम फेरीपुरतं 237 चं. सचिन तेंडुलकर परत येतो आणि 131 चेंडूंत 143 करून जातो. सामना 26 धावांनी हातचा गेला, पण अंतिम फेरी गाठली. कुणी उठत नाही, सगळ्यांच्या केसांत वाळू आहे आणि डोळे भरलेत. दापोलीचा ड्रायव्हर म्हणतो, “परवा शुक्रवार आहे, सुट्टी आहे, काय वाटेल ते झालं तरी यायचं.” परवा सचिनचा पंचविसावा वाढदिवस. त्या दिवशी तो 134 करेल आणि चषक आपला होईल. तुम्हाला ते ठाऊक आहे. त्याला सांगू नका, त्याचे मधले दोन दिवस त्यालाच जगू द्या.

2006 चा ऑगस्ट. बाहेर 45 अंश. मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये काउंटरवर तुम्हाला जाडजूड कोट, पँट आणि बूट देतात. दोन दारं ओलांडली की शून्याखालचं तापमान आणि खरा बर्फ. उतार 85 मीटर उंच, सर्वांत लांब घसरण 400 मीटर. रात्री थंड हवेत पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडून बर्फ पाडतात. आखाती कपड्यांवर कोट चढवलेला एक आजोबा नातवाच्या बर्फाच्या गोळ्याला चुकवतोय आणि खदखदून हसतोय. याला उधळपट्टी म्हणणारे म्हणोत, ते खोटंही नाही. बस्तकियातला मनोरा फुकट वाऱ्यावर चालायचा, हा बर्फ रात्रंदिवस वीज जाळून टिकवावा लागतो, आणि पाणीसुद्धा समुद्राचं गोडं करून आणलेलं असतं. तरी त्या आजोबाचं हसू मला कुठल्याच हिशेबात वजा करता येत नाही. त्याच्या लहानपणी उन्हाळ्याचा एकच अर्थ होता, बापाची वाट पाहणं.

2012, रमजान, तोही ऐन ऑगस्टमधला. 828 मीटरच्या बुर्ज खलिफाची लिफ्ट तुम्हाला 124 व्या मजल्यावर मिनिटभरात नेते. कानांत दडे बसतात. खाली तोफ वाजली, अजान झाली, दिवे लागले. वर सूर्य अजून क्षितिजावर टेकलेलाच आहे. तुमच्या शेजारचा गृहस्थ हातात खजूर धरून घड्याळ बघतोय. आदल्याच वर्षी दुबईच्या धर्मखात्यातल्या विद्वानांनी सांगितलंय, 80 व्या मजल्याच्या वरच्यांनी दोन मिनिटं थांबून रोजा सोडावा आणि 150 च्या वरच्यांनी तीन. एकाच इमारतीत तीन मावळती! तो दोन मिनिटं थांबतो, मग खजूर तोंडात टाकतो आणि दुसरा तुमच्या हातावर ठेवतो.

काचेतून खाली बघा. समुद्रात खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट आहे, 2001 मध्ये बांधायला घेतलेलं. वाळवंट दाराशी असून त्याची वाळू समुद्रतळातून आणावी लागली, कारण वाऱ्याने घासून गोल झालेले वाळवंटातले कण एकमेकांत घट्ट बसत नाहीत. ही इमारत उभी राहत असताना उन्हाळ्यातलं काँक्रीट रात्री ओतलं जायचं, पाण्याऐवजी काही भाग बर्फ घालून. काँक्रीट तापू नये म्हणून घेतलेली ही काळजी आहे. ते ओतणाऱ्या माणसांसाठी 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवण्याचा नियम आहे, साडेबारा ते तीन. या शहरात काढलेल्या सगळ्या नियमांत मला तो सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो आणखी लांबवायला हवा असंही वाटतं.

फवारे, मत्स्यालय, सोन्याचा बाजार हे कुठलाही टूरवाला दाखवेल. वाळूच्या टेकड्यांवरून गाडी पळवायला जाल तर टायरमधली हवा सोडताना गाडीतून उतरून बघा. मऊ पडलेला टायर वाळूवर कसा पसरतो ते कळलं की पुढची सगळी धडधड समजून येते.

शेवटचा थांबा आजचा. जुलैतला रविवार, पहाटेचे पाच. 2022 पासून इथे शनिवार-रविवार सुट्टी झाली, पण पुष्कळ कामगारांच्या वाट्याला रविवारच येतो. दुबईच्या देअरा भागातल्या एका रिकाम्या पार्किंगमध्ये वीसेक जण आधीच जमलेत. सातच्या पुढे ऊन टिकू देत नाही, म्हणून खेळ अंधारातच सुरू होतो. चेंडू टेनिसचा, त्यावर विजेची टेप गुंडाळलेली. यष्ट्या म्हणजे रंगाचा रिकामा डबा. पेशावरचा गडी गोलंदाजी करतोय, सिल्हटचा फलंदाजीला, आणि वाइड दिला म्हणून पंचाशी कडाक्याचं भांडण जुंपलंय. तेवढ्यात खेडचा एक पोरगा तुमच्या हातातली मराठी दिवाळी अंकाची पिशवी बघतो.

“काय हो, खेळणार का? एक माणूस कमी हाय.”

तुम्ही चपला काढून कठड्याखाली सरकवता. तो तुम्हाला दिव्याच्या खांबाजवळ उभं करतो आणि बजावतो, “भिंतीला डायरेक्ट लागला तर आउट, गाडीला लागला तर पळायचं.” गोलंदाज धावत निघालाय.