आयर्लंडची वधू आणि मावळची वतने

मुंबईहून येणारी आगगाडी लोणावळे सोडून मळवलीच्या रोखाने निघाली, की उजव्या हातास लोहगड व विसापूर ही जोडी दिसू लागते. सुशिक्षित प्रवासी तिकडे पाहून मावळ्यांचे स्मरण करतो. आणि हे स्मरण त्यास बखरींतून क्वचित, कादंबऱ्यांतून बहुधा मिळालेले असते. ही ऐतिहासिक कादंबरी आपणांकडे आली कोठून, याचा माग काढू लागले म्हणजे वाट स्कॉटपाशी थांबत नाही. 'वेव्हर्ली'च्या (१८१४) अखेरीस खुद्द स्कॉटनेच आयरिश जीवन रंगविणाऱ्या मारिया एजवर्थबाईंचा आदर्श मोकळेपणी सांगितला आहे. तेव्हा आयर्लंडास जाणे प्राप्तच आहे.

१ जानेवारी १८०१ रोजी डब्लिनची पार्लमेंट मोडून आयर्लंड ब्रिटनला कायद्याने जोडण्यात आले. त्यानंतर पाचच वर्षांनी सिडनी ओवेन्सन (पुढे लेडी मॉर्गन) या बाईंची 'द वाइल्ड आयरिश गर्ल' ही कादंबरी निघाली. एका इंग्रज जमीनदाराचा मुलगा बापाच्या आयरिश जमिनीवर येतो. ज्या घराण्याचा उच्छेद करून पूर्वजांनी ती जमीन मिळविली, त्याच घराण्यातील ग्लोर्व्हिना नावाच्या मुलीवर त्याचे मन जडते, आणि शेवटी दोघांचा विवाह होतो. दोन राष्ट्रांचे वैर एका मंडपाखाली मिटविण्याची ही युक्ती वाचकांस फार आवडली. जमिनीचा खंड भरणाऱ्या कुळांचे समाधान झाले की नाही, याची विचारपूस कादंबरीने केली नाही. विवाह झाला, पण सातबारा, आपल्या भाषेत बोलायचे तर, नवऱ्याच्याच नावावर राहिला!

याच बाईंनी १८११ मध्ये 'द मिशनरी' लिहिली. तीत गोव्याशी संबंध असलेला एक पोर्तुगीज पाद्री आणि काश्मीरची लक्ष्मी (तिचे 'लक्झिमा' झाले आहे) नावाची ब्राह्मण पुजारीण यांचे प्रेम आहे. त्याचा शेवट गोव्याच्या इन्क्विझिशनच्या चितेपाशी होऊन नायिका मरते. आयर्लंडात जे लग्नाने जमले, ते हिंदुस्थानात लेखिकेच्या कल्पनेलाही जमले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता फिलिप मेडोज टेलर. जन्म लिव्हरपूलचा (१८०८), सारी हयात निजामाच्या चाकरीत, आणि निवृत्तीनंतरचे वास्तव्य डब्लिनजवळ. १८५३ नंतर काही वर्षे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे होता. तुळजापूर त्याच मुलखात. तेथे पाहिलेले भवानीचे देऊळ त्याने आयर्लंडात बसून 'तारा' (१८६३) या कादंबरीत उतरविले. तुळजापूरच्या शास्त्र्याची बालविधवा कन्या तारा देवीच्या सेवेस लागते. तिचे प्रेम जडते ते अफजलखानाचा पुत्र फाजल याच्यावर, आणि अनेक संकटांतून पार पडून त्यांचा विवाह होतो. टेलरला या देशाविषयी खरा जिव्हाळा होता, हे पानोपानी जाणवते. तरी मोरोपंत पिंगळ्यांची आठवण यावी असे 'मोरो त्रिमल' हे नाव त्याने खलपुरुषास द्यावे, हे मराठी वाचकास खटकल्यावाचून राहात नाही. प्रतापगडची घटना १० नोव्हेंबर १६५९ ची. १७५७ व १८५७ यांशी शतकांचा मेळ बसावा म्हणून त्याने १६५७ साल धरले आहे.

ग्लोर्व्हिनेचीच युक्ती ही. परंतु येथे वधूवर दोघेही एतद्देशीय, आणि इंग्रज ग्रंथकर्ता मंडपाबाहेर उभा. पुढे 'सीता' (१८७२) मध्ये त्याने इंग्रज अधिकारी आणि हिंदू विधवा यांचा विवाह लावला खरा. पण सत्तावन्नच्या धामधुमीत सीतेला मारून नायकास इंग्रज पत्नी मिळवून दिली. गंमत ही, की टेलरची स्वतःची पत्नी मेरी ही हैदराबादच्या विल्यम पामर सावकाराची कन्या. या सावकाराचा बाप जनरल पामर १७९८ ते १८०१ पर्यंत पुण्यास रेसिडेंट होता, आणि आई होती फैज बक्ष ही मुसलमान स्त्री. जे टेलरच्या घरात घडले होते, ते त्याच्या कादंबरीत तग धरू शकले नाही. वाचकवर्ग विलायतेत होता, हेच त्याचे कारण मला दिसते.

हरिभाऊ आपट्यांनी टेलर चांगला वाचला होता. त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी 'म्हैसूरचा वाघ' (१८९०) ही टेलरच्या 'टिपू सुलतान'वरूनच घेतलेली. असे असूनही शिवकालाकडे वळताच त्यांनी 'तारा'ची वाट सोडली. 'उषःकाला'त दुभंग आहे तो वधूवरांत नव्हे, बापलेकांत: रंगराव अप्पा विजापूरचे इमानी किल्लेदार, आणि पुत्र नानासाहेबाचा ओढा स्वराज्याकडे. ही निवड मला केवळ सोवळेपणाची वाटत नाही. हरिभाऊंनी इतिहासातील खरी भेग ओळखली होती.

आजच्या मावळ तालुक्यात पवन, अंदर व नाणे मावळ येतात. जुन्या बारा मावळांतली बाकीची दक्षिणेस व इतरत्र पसरलेली. येथल्या देशमुखांपुढे १६५९ मध्ये प्रश्न आला तो असा, की पिढ्यानुपिढ्या ज्याचे अन्न खाल्ले त्या आदिलशाहीचे फर्मान मानावयाचे, की शेजारच्या भोसल्यांच्या पोराबरोबर वतन पणास लावावयाचे? कारीचे कान्होजी जेधे यांस असेच फर्मान आले. ते आपल्या मुलांसह महाराजांपाशी गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. शेजारचाच खंडोजी खोपडा मात्र खानास मिळाला. एकच खोरे, सोयरीकही एकमेकांतलीच. तेथे लग्न लावून मिटविण्यासारखे दोन पक्ष होते कोठे? जी घरे आधीच सोयरी होती, तीच फुटली.

टेलरच्या फाजलला मराठी मुलीचा हात मिळाला. इतिहासातल्या फाजलखानास मराठी हात मिळाला तो निराळा: खानाचा वध झाल्यावर जावळीच्या रानातून त्यास वाट दाखवून बाहेर काढणारा हा खंडोजी खोपडाच. पुढे खंडोजी सापडला. कान्होजींनी रदबदली केली म्हणून जीव वाचला. एक हात आणि एक पाय तोडण्यात आला.